ठिपक्यांची धास्ती नको, हयगयही नको

क्रिकेट खेळताना मुलाला जांघेत चेंडू लागतो. सूज ओसरत नाही म्हणून डॉक्टर सोनोग्राफी करून घ्यायला सांगतात. मार साधाच निघतो; पण अहवालाच्या शेवटी दोन अगडबंब शब्द असतात : ‘टेस्टिक्युलर मायक्रोलिथिआसिस’. कोणीतरी सांगते की याचा कर्करोगाशी संबंध असतो, आणि ऐन सणासुदीत घराची झोप उडते. अशा आईबापांसाठी हा लेख आहे. आणि ज्यांच्या हाती असा अहवाल कधी पडतच नाही, त्यांच्या मुलांसाठीही आहे.

हे ठिपके म्हणजे काय?

अंडकोषाच्या पिशवीत दोन वृषणग्रंथी असतात. त्यांच्या आत अतिशय बारीक नलिकांची वेटोळी असतात व मुलगा वयात आला की त्यांतच शुक्रबीजे तयार होऊ लागतात. काही मुलांच्या या नलिकांत कॅल्शियमचे सूक्ष्म कण साचतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात. एका दृश्यात असे पाच किंवा अधिक ठिपके दिसले, की अहवालात वरील नाव येते.

हे कण दुखत नाहीत, हाताला लागत नाहीत. मूतखड्याशी त्यांचे नाते नाही. तेव्हा मुलाचे दूध तोडण्याचे कारण नाही. ते विरघळविणारे औषध नाही आणि तशी गरजही नाही. 1970 साली चार वर्षांच्या एका निरोगी मुलाच्या क्ष-किरण चित्रात असे कण आढळल्याचे एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे सोनोग्राफी घरोघरच्या परिचयाची झाली आणि ठिपके अधिकाधिक दिसू लागले.

मग भीती आली कोठून?

सुरुवातीला तपासणी होई ती मुख्यतः तक्रार घेऊन आलेल्या रुग्णांची. त्यांच्यापैकी काहींना गाठही असे आणि ठिपकेही असत. साहजिकच संशय ठिपक्यांवर गेला. पण निरोगी माणसांत काय आढळते, हे पाहिल्यावाचून न्याय कसा व्हावा? अमेरिकन सैन्यातील 18 ते 35 वयाच्या 1,504 निरोगी तरुणांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. त्यांतील 84 जणांत, म्हणजे शेकडा 5.6 जणांत, ठिपके निघाले. पाच वर्षांनंतर यांपैकी 63 जणांचा माग लागला. कर्करोग झाला होता तो एकाला.

मुलांवरील अभ्यास तुलनेने लहान आहेत, पण त्यांचाही कल असाच आहे. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांनी 2015 साली सल्ला दिला की, नुसते ठिपके असतील आणि दुसरे काही धोक्याचे कारण नसेल, तर पुनःपुन्हा सोनोग्राफी करू नये. त्यातून आपल्या देशात हा कर्करोग मुळातच विरळा. वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी रुग्ण आढळतात. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये हे प्रमाण दसपटीच्या आसपास आहे.

जपायचे कोणाला?

ज्याचे वृषण जन्मतः पिशवीत उतरलेले नव्हते, ज्याचे वृषण फार लहान किंवा सुकलेले आहे, ज्याच्या वडिलांना वा भावाला हा रोग झाला आहे, अथवा ज्याला स्वतःलाच एका बाजूस तो होऊन गेला आहे, अशा मुलाच्या अहवालात ठिपके असतील तर मात्र डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तपासणी चालू ठेवावी.

यांत सर्वांत अधिक आढळणारे कारण पहिले. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत दोन ते चार जणांचे वृषण जन्मतः वर राहिलेले असते. पुष्कळांचे ते काही महिन्यांत आपोआप उतरते. सहा महिन्यांनंतरही उतरले नाही तर शस्त्रक्रिया लागते, आणि ती दीड वर्षाच्या आत व्हावी असे तज्ज्ञ सांगतात. उशीर किती महागात पडतो पाहा. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे 17 हजार जणांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. तेराव्या वर्षाआधी शस्त्रक्रिया झालेल्यांना कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता; नंतर झालेल्यांना पाचपटीहून अधिक!

पोशेऱ्याचे मूल

आता शहरातील दिवाणखाना सोडून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात पोशेऱ्याला चला. या भागातील कित्येक आदिवासी कुटुंबे दिवाळी सरली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुलेही बरोबर जातात. ‘दर वर्षी सोनोग्राफी करा’ हा सल्ला त्यांनी कोठे पाळावा? पण वृषण उतरले आहे की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. जाणत्या माणसाचा हात पुरतो.

तो हात गावापर्यंत पोहोचविण्याची सोय झालेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी याच मुलखात, पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. या योजनेत डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे असे ठरले आहे. अडचण एवढीच की, पथक गावात येते तेव्हा मूल भट्टीवर असू शकते. शहरापासून भट्ट्या दूर नसतात. आपल्या इमारतीच्या विटा जेथे भाजल्या, तेथील मुलांना जवळच्या सरकारी दवाखान्यात नेण्यास आपल्यापैकी कोणी हातभार लावला, तर एखाद्याची शस्त्रक्रिया वेळेवर होईल.

घरच्या घरी

अभ्यंगाच्या निमित्ताने घरोघरी तान्ह्यांना तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालतात. त्या वेळी पिशवीच्या दोन्ही बाजू भरलेल्या आहेत ना, हे आईने किंवा आजीने पाहावे. थंडीत वृषण वर ओढले जाते आणि ऊन पाण्यात खाली येते; तेवढ्याने घाबरू नये. ऊन पाण्यातही एक बाजू सदैव रिकामीच लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

मुलगा वयात आला की वडिलांनी त्याला मोकळेपणाने सांगावे : महिन्यातून एकदा आंघोळीनंतर स्वतः चाचपून पाहा. न दुखणारी टणक गाठ, एका बाजूस वाढ किंवा जडपणा वाटला तर लाजू नकोस, आठवडाभराच्या आत डॉक्टरांकडे जाऊ. शेक, लेप, चोळणे यांत दिवस घालवू नयेत.

कारण वेळेवर सापडलेला हा रोग बरा होतो. 1974 साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरले आणि या रोगाचे भवितव्यच पालटले. आज शंभरातील नव्वदाहून अधिक रुग्ण बरे होतात. आपल्या युवराज सिंगला छातीत याच कुळातली गाठ झाली होती. 2012 साली त्याच डॉक्टरांकडे उपचार घेऊन त्याच वर्षी तो पुन्हा भारताकडून खेळला. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 पासून कर्करोगावर उपचार करीत आहे.

तेव्हा अहवालात ठिपके आले असतील, तर डॉक्टरांना एकच विचारा : याखेरीज धोक्याचे दुसरे काही कारण माझ्या मुलात आहे काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर कागद कपाटात ठेवा आणि मुलाला खेळायला जाऊ द्या.