मेलेले अण्णा, जागं सोलापूर

मराठी टीव्हीवर मरणोत्तर कामगिरीचा पुरस्कार ठेवला, तर तो बिनविरोध अण्णा नाईकांना जाईल. २२ फेब्रुवारी २०१६ ला झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि सुरुवातीलाच अण्णा गेले. पोरं-सुना कोकणातल्या वाड्यावर जमली. तेराव्याचं जेवण व्हायच्या आत जमिनीच्या वाटण्या, अण्णांच्या बाहेरच्या भानगडी, कुणाला काय दिसलं आणि कुणी काय लपवलं, सगळं बाहेर पडायला लागलं.

गंमत पुढे आहे. पहिल्या पर्वात गेलेला माणूस दुसऱ्या पर्वाचा नायक झाला! हे पर्व म्हणजे अण्णांच्या हयातीची कथा. माधव अभ्यंकरांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. १४ जानेवारी २०१९ ला, म्हणजे सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या ऐन धामधुमीत, हे पर्व सुरू झालं. दिवसभर यात्रेत पाय मोडून घेतलेलं सोलापूर रात्री साडेदहाला डोळे चोळत टीव्हीपुढे. २०२१ ला तिसरं पर्व आलं, त्यात अण्णा-शेवंता भुतं होऊन हजर. मधेच शेवंता बदलली, अपूर्वाच्या जागी कृतिका तुळसकर आली. भुताचीही बदली होते, हे आपल्याला तेव्हा कळलं.

मालिकेचं नाव मात्र उसनं. ‘हा खेळ सावल्यांचा’ हा १९७६ चा आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांचा चित्रपट. त्यातल्या सुधीर मोघेंच्या गाण्यावरून ते उचललं. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. आजही रात्री लाइट गेली की घरात कुणीतरी तीच चाल गुणगुणतं आणि आई ओरडते, “गप ऱ्हा की!”

मालिकेचं चित्रीकरण झालं सिंधुदुर्गातल्या आकेरी गावात. भुताला भ्यायचं सोडून लोक तो वाडा बघायला गाड्या करून जाऊ लागले. त्याच सिंधुदुर्गात २०१६ ला मालिकेला विरोधही झाला. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण एक सांगायलाच हवं, भुतापेक्षा भाव खाऊन गेला विसरभोळा पांडू. ही भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकीच एक. म्हणजे कोणतं रहस्य कधी फुटणार हे ज्याला पक्कं ठाऊक, तोच पडद्यावर “इसारलंय” म्हणून मोकळा!

वाडा, मृत्यू आणि घराण्याची गुपितं हा माल काही फक्त कोकणचा नाही. अमेरिकेत २७ जून १९६६ ला ‘डार्क शॅडोज’ ही रोजची मालिका सुरू झाली. समुद्रकाठची हवेली, तिथे कॉलिन्स घराणं, आणि आपले आईबाप कोण हे शोधत आलेली अनाथ व्हिक्टोरिया. थोड्याच दिवसांत घराण्याच्या मासळी कारखान्याचा व्यवस्थापक बिल मॅलॉय संशयास्पद रीतीने मेला. तरी प्रेक्षक येईनात. मग मालिकावाल्यांनी लाजलज्जा सोडली आणि आधी भूत, मग एप्रिल १९६७ मध्ये थेट रक्तपिपासू बार्नाबस आणला. त्याची एन्ट्री बघण्यासारखी आहे. घराण्याच्या दागिन्यांच्या लोभाने विली नावाचा एक भामटा थडग्यात शिरतो, साखळ्या बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून एक हात येऊन त्याचा गळा धरतो. बस, लॉटरी लागली! शाळा सुटली की पोरं धावत घरी यायची ती ही मालिका बघायला.

एडिटिंग तेव्हा महाग. त्यामुळे कलाकार वाक्य विसरला, माइक चौकटीत लोंबकळला, तरी सगळं तसंच प्रसारित व्हायचं. १९७१ पर्यंत १२२५ भाग झाले. त्यांपैकी एकाचीच टेप हरवली, बाकी सगळे शाबूत. आणि त्या व्हिक्टोरियाचे आईबाप? मालिका संपली तरी सांगितलंच नाही. आपल्याकडे असं केलं असतं तर प्रेक्षकांनी वाहिनीच्या दारात चपला ठेवल्या असत्या.

मराठीत अण्णांच्या आधी ‘असंभव’ होतीच. २००७ ते २००९, सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन, वाडा, पुनर्जन्म आणि नीलम शिर्केची सुलेखा. तिथेही मधेच मानसी साळवी जाऊन ऊर्मिला कानेटकर आली, तरी शुभ्रा शुभ्राच राहिली. पुढे अण्णांची साडेदहाची वेळ ३१ ऑगस्ट २०२० ला ‘देवमाणूस’ने घेतली. तिथे भूत नाही, डॉक्टर होता. वाई तालुक्यातल्या २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या खून प्रकरणावर बेतलेला. माझ्या मते भीती खरी तिथेच वाटली.

मग सोलापूरने काय घोडं मारलंय? आमच्याकडे आप्पासाहेब वारदांचं इंद्रभुवन आहे, त्यात महापालिका भरते. भुईकोट किल्ला आहे, शेजारी सिद्धेश्वर तलाव. करमाळ्यात राव रंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात बांधलेलं कमलाभवानीचं देऊळ आहे, ९६ खांबांचं, आणि तिथलीच ९६ पायऱ्यांची विहीर. तळाला पाणी काळं, वर आभाळाचा तुकडा. कॅमेरा नुसता लावून ठेवला तरी प्रेक्षक आपोआप पांघरूण ओढतील. अडचण एकच. सोलापूर शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात पैंजणांचा आवाज ऐकू यायचा कसा?

तेव्हा निर्मात्यांनो, एकदा करमाळ्याला चक्कर मारून जा. आकेरीचा वाडा चालला तो मालवणी बोलीच्या जोरावर, त्यामुळे इथे आलात तर पुणेरी संवाद घरी ठेवून या. आमच्या वाड्यातला गडी मराठीत तेलुगू-कानडी मिसळूनच बोलेल, आणि भूतसुद्धा दारात उभं राहून आधी “काय बे?” असंच विचारेल.