विश्लेषण : गावात शंकरपट भरवायचा, तर पाहुणे कुठे बसवायचे?

सोयाबीन निघाले आणि कापसाची वेचणी उरकत आली की विदर्भात शंकरपटाचे दिवस येतात. पट म्हणजे नुसती बैलांची शर्यत नव्हे. लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला उतरतात, झाडीपट्टीत तर रात्री नाटक रंगते. यवतमाळ जिल्ह्यातील महागावसारख्या तालुक्यात पट भरवायचे ठरवणाऱ्या मंडळाला आता बैलांबरोबरच प्रेक्षकांचीही नीट व्यवस्था लावावी लागते. ती कशी असावी, याविषयी...

शंकरपट वेगळा कसा?

पुणे जिल्ह्यात बैलगाडा घाटात धावतो आणि त्याच्यापुढे घोडी पळते. विदर्भातील पटात एका जोडीला हलकी गाडी जुंपतात. धुरकरी कासरा धरतो आणि सपाट धावपट्टीवर जोडी सुटते. कोण पुढे गेले यापेक्षा कोणी किती वेळात अंतर कापले, याला महत्त्व असते. म्हणूनच सेकंदाचे भाग मोजणाऱ्या घड्याळाभोवती सर्वाधिक गर्दी होते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विदर्भात नावाजलेला आहे. तेथे महिला धुरकऱ्यांचाही पट होतो.

पट बंद का होता, सुरू कसा झाला?

केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टूसह बैलगाडी शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. मात्र त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आजची परवानगी याच कायद्यावर आणि त्याखालील नियमांवर उभी आहे.

परवानगी कोणाची, अटी कोणत्या?

परवानगी प्रशासनाकडून घ्यावी लागते. त्यासाठी महागावच्या मंडळाला आधी अर्ज करावा लागतो. अनामत ठेवावी लागते. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब असू नये. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. चाबूक, काठी, टोचणी, विजेचा धक्का देणारे साधन यातले काहीच चालत नाही. जुन्या धुरकऱ्यांच्या हातची तुतारीही घरीच ठेवायची. नियम मोडून बैलाला इजा केली, तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ध्वनिक्षेपकासाठी वेगळी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो वाजवता येत नाही.

धोका नेमका कुठे असतो?

शेवटच्या रेषेवर. घड्याळ पाहायला लोक तिथेच जमतात आणि जोडी रेषेवर थांबत नाही. भरधाव बैलांना वेग कमी करायला पुढे मोकळे शेत लागते. तिथे माणसे, दुचाकी किंवा ट्रॅक्टर उभे असले, तर धुरकऱ्याला जोडी वळवायला जागा उरत नाही. बैल बुजले, तर ते पट्टी सोडून कडेच्या गर्दीतही घुसतात. म्हणून रेषेपुढचे शेत पूर्ण रिकामे हवे. प्रेक्षक फक्त कडेला, पट्टीपासून अंतर राखून आणि लाकडी बल्ल्यांच्या दुहेरी कठड्यामागे बसवावेत. एका दोरीवर भागत नाही. गर्दी रेटली की ती पुढे सरकते.

जमिनीचाही विचार हवा. काळी माती वाळली की भेगाळते आणि भेगेत खूर अडकला, तर बैलाचा पाय जातो. पट्टी आधी पाणी मारून, रोलर फिरवून दाबून घ्यावी लागते.

मग पाहुण्यांना शर्यत दिसणार कशी?

पूर्वी लोक बंडीवर चढून पाहत, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहतात. उंचीवरून दिसते हे खरे, पण खच्चून भरलेली ट्रॉली कलंडू शकते. पट्टीपासून दूर, झाडाच्या सावलीत किंवा हिरव्या जाळीच्या मांडवात मोठा एलईडी पडदा लावणे अधिक सोयीचे. शेवटची रेषा आणि घड्याळातील वेळ पडद्यावर दिसली, की लोक रेषेकडे धावत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना, लेकरे घेऊन आलेल्या बायकांना सतरंजीवर बसून शर्यत पाहता येते. भोंग्यांची तोंडे मांडवाकडे असावीत. जोडी सुटण्याच्या जागी कर्कश आवाज झाला, तर बैल जुवाखालीच बिथरतात.

माणसांसाठी पाण्याचे रांजण आणि बैलांसाठी टाक्या वेगळ्या ठेवाव्यात. जेवण रोडगे आणि वांग्याच्या भाजीचे असो की पिठलं-भाकरीचे, चुली वाऱ्याची दिशा पाहून, कडब्यापासून लांब पेटवाव्यात. रुग्णवाहिकेची वाट वाहनतळाने अडता कामा नये.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सशी तुलना का?

मुंबईत फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या इंडियन डर्बीला लोक नटूनथटून येतात. १८८३ पासूनच्या या मैदानावर घोडे कठड्याच्या आत धावतात आणि प्रेक्षक गॅलरीत किंवा हिरवळीवर असतात. धावणारे आणि पाहणारे यांच्यात पक्की सीमा असते. पटाला हीच गोष्ट उचलता येईल. पैज मात्र नाही. घोड्यांवरील पैज परवानाधारक रेसकोर्सवर, १९१२ च्या कायद्याखाली चालते. पटात जोडीवर पैसे लावणे जुगारात मोडते आणि त्याचा ठपका आयोजकांवर येऊ शकतो.

मंडळाने सुरुवात कुठून करावी?

बहुतेक मंडळे आधी बक्षिसांची रक्कम ठरवतात, मग मांडव आणि शेवटी जमेल तसा कठडा. हा क्रम उलटा हवा. आधी जोडी थांबण्यासाठीचे मोकळे शेत मोजावे, मग कठडा, मग पडदा आणि मांडव. बक्षीस शेवटी. एक अपघात झाला, तर घरचा माणूस किंवा वर्षभर जिवापाड जपलेला बैल जातो आणि पुढच्या वर्षी परवानगी मागायला मंडळाकडे तोंड उरत नाही.