बर्फाच्या घरातलं कोरडं अंगण

फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे महिनाभर तसाच राहू द्या. खडे चक्क बारीक झालेले दिसतील! आई विचारेल, "कुणी चोखले रे?" आणि तुम्ही गळ्याची शपथ घेऊन सांगाल, "मी नाही!" खरंच, तुम्ही नाहीच. चोर आहे फ्रीजरमधली कोरडी हवा. कपाटातली डांबरगोळी जशी ओली न होता झिजते, तसा बर्फही पाणी न होता सरळ वाफ होऊन उडतो. याला म्हणतात संप्लवन.

या चोराचं एक मोठ्ठं गाव आहे. कुठे? अंटार्क्टिकात!

तिथे तर जिकडेतिकडे बर्फच, हो ना? पण मॅकमर्डो साउंड नावाच्या खाडीजवळ काही दऱ्यांमध्ये नुसते खडक, वाळू आणि धोंडे आहेत. या 'मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज', म्हणजे कोरड्या दऱ्या. १९०३ मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्याचे सोबती इथे उतरले, तेव्हा तेही चकित झाले होते.

मग बर्फ गेला कुठे? अंटार्क्टिकाच्या पोटातला प्रचंड बर्फ समुद्राकडे सरकत असतो, पण इथे ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत त्याला अडवतात. वरून हिमही अगदी कमी पडतं. वर्षभराचं हिम वितळवलं, तरी पाणी ५० मिलिमीटरच्या वर जात नाही. मुंबईत जुलैमध्ये एखादी जोरदार सर तासाभरात एवढं पाणी ओतून जाते! त्यात पठारावरची थंड, जड हवा उतारावरून धाडधाड खाली येते. येताना ती दाबली जाते, थोडी गरम होते, आणखी कोरडी होते. उरलंसुरलं हिम ही हवा फस्त करते.

तरी इथे नदी आहे बरं का! तिचं नाव ऑनिक्स. वर्षातले जेमतेम दोन महिने, उन्हाळ्यात हिमनदी वितळली की ही वाहते. आणि वाहते कुठे? समुद्राकडे पाठ फिरवून आत, व्हँडा तळ्यात. या तळ्यावर तीन-चार मीटर जाड बर्फाचं झाकण आहे, पण तळाशी पाणी चक्क २३ अंशांच्या आसपास! स्वच्छ बर्फातून ऊन खाली पोचतं आणि तळाचं पाणी तापवतं. हे पाणी इतकं खारट, म्हणून इतकं जड, की तापलं तरी वर येतच नाही. ऊब खालीच अडकून राहते.

आता खरी गंमत. १९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी इथल्या एका ओढ्यात पाणी वळवलं. सुमारे वीस वर्षं कोरड्या पडलेल्या त्या पात्रात शेवाळासारखे सुकलेले पापुद्रे होते. ते आठवड्याभरात जिवंत झाले! मेले नव्हतेच, झोपले होते.

म्हणजे पाणी वाढलं की सगळे खूश? थांबा थांबा.

इथला उन्हाळा शून्य अंशाच्या उंबरठ्यावर उभा असतो. उणे तीनचं उणे दोन झालं, तर फारसं काही बिघडत नाही. पण उणे एकचं अधिक एक झालं, की हिमनदीला पाझर फुटतो. २००१-०२ च्या उन्हाळ्यात असंच झालं. त्याआधी दहाहून जास्त वर्षं उन्हाळे थंड होत होते, काही तळी उतरत होती. आणि अचानक थोडे दिवस ऊब आली, तर ओढ्यांना पूर! तळी भराभर चढली. त्याच्या आधी, नव्वदीच्या दशकातच, व्हँडा तळं मात्र चढत आलं म्हणून न्यूझीलंडला काठावरचं आपलं संशोधन केंद्र उचलावं लागलं होतं.

इथल्या मातीचा राजा आहे एक मिलिमीटरहूनही लहान सूत्रकृमी, स्कॉटनेमा. त्याला कोरडी मातीच आवडते. माती ओली होऊ लागली, तशी त्याची संख्या घटली आणि ओल आवडणारा त्याचा शेजारी वाढला. जे पाणी पापुद्र्यांना जाग आणतं, तेच या राजाचं राज्य बुडवतं.

पृथ्वी तापते आहे, पण 'एक-दोन अंशांनी काय होतंय!' असं कुणी म्हणालं, तर त्याला फ्रीजरमधला एक खडा बाहेर काढून दाखवा. त्याला उंबरठा ओलांडायला किती वेळ लागतो, तेही मोजा. आणि हो, ट्रे परत आत ठेवा, नाहीतर या वेळी आई खरंच तुम्हाला धरेल!