मूलद्रव्यांच्या गावात (लेखांक ७) : गुंजेचा अकरावा भाग

सोनाराचा जुना काटा काचेच्या पेटीत असायचा. वजन करताना पंखा बंद, पेटीचं दार लावलेलं, आणि काटा स्थिर होईपर्यंत गिऱ्हाईकसुद्धा नकळत श्वास रोखून उभं. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक गुंज जेमतेम 0.12 ग्रॅमची. लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या त्या बीचे अकरा भाग केले, तर एकेक भाग साधारण 11 मिलिग्रॅमचा होईल. तो पासंगालाही पुरायचा नाही. पण आवर्तसारणीच्या उजव्या कडेचा राजवायूंचा अख्खा रकाना सापडला तो एवढ्याच वजनाच्या फरकामुळे.

मेंडेलीव्हने सारणीत मोकळ्या जागा कशा राखल्या आणि त्या कशा भरत गेल्या, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आज ज्यांच्यासाठी कुणी जागाही राखली नव्हती, त्या मूलद्रव्यांकडे वळू.

लॉर्ड रॅले हे इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ. एसेक्समधल्या टर्लिंग गावी राहत्या घरातच त्यांची प्रयोगशाळा होती. सगळ्या मूलद्रव्यांची अणुवस्तुमानं हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असावीत, असं विल्यम प्राउट यांनी 1815 मध्ये सुचवलं होतं. ते खरं की खोटं हे ठरवायला वायूंची वजनं फार काटेकोर हवी होती, आणि रॅले वर्षानुवर्षं तेच करत होते. हायड्रोजनच्या तुलनेत ऑक्सिजन त्यांच्या हाती 16 पट भरला नाही, 15.88 पट भरला. पूर्ण पटीचा नियम तिथे बसला नाही. मग त्यांनी नायट्रोजन घेतला.

वायूचं वजन करायचं कसं? काचेचा मोठा गोळा घ्यायचा, पंपाने आतली हवा काढून तो तोलायचा, मग वायू भरून पुन्हा तोलायचा. सांगायला सोपं आहे, पण यात फसगतीच्या जागा फार. बाहेरची हवा गोळ्याला वर उचलते, पाणी घागरीला उचलतं तशी, आणि हवामान बदललं की ही उचलही बदलते. म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकारमानाचा बंद गोळा टांगायचा; मग दोन्ही बाजूंची उचल सारखी होते. वायू भरताना गोळा वितळत्या बर्फात ठेवायचा, म्हणजे तापमान दर वेळी शून्य अंशावर राहतं. एवढं करूनही एक चोर उरत होता, तो रॅले यांनीच पकडला. आतली हवा काढली की बाहेरच्या दाबाने काचेचा गोळा किंचित आक्रसतो, त्यामुळे त्याच्यावरची उचलही किंचित कमी होते. डोळ्याला न दिसणारं हे आक्रसणं त्यांनी मोजलं आणि हिशेबात धरलं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

नायट्रोजन त्यांनी दोन वाटांनी मिळवला. पहिल्या वाटेत हवा तापलेल्या तांब्यावरून न्यायची; तांबं ऑक्सिजन धरून ठेवतं, आणि बाष्प व कार्बन डायऑक्साइड वेगळे काढले की नायट्रोजन उरतो. दुसऱ्या वाटेत हवा अमोनियातून न्यायची, म्हणजे काही नायट्रोजन हवेतला आणि काही अमोनियातला. दोन्हीकडून आलेल्या वायूंच्या वजनांत हजारात एक भागाचा फरक पडला.

हजारात एक! बहुतेकांनी सरासरी काढून वही मिटली असती. रॅले यांनी सप्टेंबर 1892 मध्ये ‘नेचर’ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना उघडपणे विचारलं, की याचं कारण कुणी सांगेल का? आणि पुढे त्यांनी जे केलं ते मापन शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहावं असं आहे. फरक पुसायच्या मागे न लागता त्यांनी तो वाढवून पाहिला. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातूनच येणार. फरक पाचपट झाला. हवेतल्या नायट्रोजनने गोळा भरला की वजन सुमारे 2.310 ग्रॅम, आणि रासायनिक नायट्रोजनने भरला की सुमारे 2.299 ग्रॅम. आपल्या गुंजेचा अकरावा भाग तो हाच.

मग संशयितांची झडती सुरू झाली. हलक्या वायूत हायड्रोजन राहिला असेल? त्यांनी मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. शुद्धीकरणात तो निघून जातो, हे दिसलं. नायट्रोजनचे काही रेणू तुटून सुटे अणू झाले असतील? मग ते काळाने पुन्हा जुळायला हवेत. हलका वायू आठ महिने ठेवून पुन्हा तोलला, वजन तेच. नायट्रोजनच्या इतर संयुगांपासून वायू काढला, तोही हलकाच निघाला. आता हवेतल्या नायट्रोजनमध्येच काहीतरी जड दडलं आहे, एवढीच शक्यता उरली.

1894 च्या एप्रिलमध्ये रॅले यांचं व्याख्यान ऐकून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे विल्यम रॅमसे या शोधात उतरले. तापवलेलं मॅग्नेशियम नायट्रोजन खाऊन टाकतं. हवेतला नायट्रोजन त्यावरून पुन्हा पुन्हा फिरवला तसा वायू कमी होत गेला आणि उरलेला जड होत गेला. नायट्रोजनची घनता हायड्रोजनच्या 14 पट; हा उरलेला वायू 20 पटींच्या घरात पोचला. वर्णपटात कुणी न पाहिलेल्या तांबड्या आणि हिरव्या रेषा उमटल्या.

याला शंभरावर वर्षांमागचा एक साक्षीदारही होता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी 1785 मध्ये हवेत ऑक्सिजन मिसळून, विजेच्या ठिणग्या पाडून सगळा नायट्रोजन संपवला होता. एक बुडबुडा मात्र संपेना. तो मूळ नायट्रोजनच्या एकशेविसाव्या भागाहून मोठा नसावा, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. तो बुडबुडा या नव्या वायूचा होता. कशाशीच संयोग न पावणारा म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ या शब्दावरून त्याचं नाव पडलं आर्गॉन.

हवेत आर्गॉन 0.93 टक्के आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतल्या हवेत तो चारशे ग्रॅमहून जास्त भरतो. कारखान्यात ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात तो हाच. तापलेल्या धातूला ऑक्सिजन लागू नये म्हणून त्याचा पडदा धरतात.

सारणीत मात्र त्याला बसायला जागा नव्हती. घनता 20 पट, म्हणून हायड्रोजनसारखी अणूंची जोडी मानली तर अणुवस्तुमान 20, आणि अणू एकेकटे हिंडत असतील तर 40. वायूच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर 1.67 च्या जवळ आलं आणि अणू एकेकटे आहेत हे ठरलं. पण 40 म्हणजे पोटॅशियमच्या 39 नंतर, कॅल्शियमला खेटून, आणि तिथे रिकामी जागा नव्हतीच. हा तीन अणूंचा नायट्रोजन असावा, असं खुद्द मेंडेलीव्ह यांचं मत होतं. त्यानंतर 1895 मध्ये रॅमसेंना पृथ्वीवर हेलियम सापडला. 1898 मध्ये मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासोबत त्यांनी निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन वेगळे काढले. पाहुणा एकटा नव्हता, पूर्ण कुटुंब घेऊन आला होता, आणि सारणीत नवा रकाना घालावा लागला. 1904 मध्ये रॅलेंना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसेंना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी भारतभर फिरून बंगळूर सुचवणारे ते हेच रॅमसे, आणि त्या संस्थेचे पहिले संचालक झाले ट्रॅव्हर्स.

एक गोष्ट तरीही टोचत राहिली. आर्गॉन 39.95, पोटॅशियम 39.10, मग जड आर्गॉन आधी कसा? 1913 मध्ये हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांवरून दाखवलं, की मूलद्रव्याचा खरा क्रमांक अणुकेंद्रातल्या धनभारावर ठरतो. आर्गॉन 18, पोटॅशियम 19. रांग बरोबरच होती.

पण आर्गॉन एवढा जड का? हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन 40 वस्तुमानाचा आहे, आणि तो खडकांतल्या पोटॅशियमपासून झालेला आहे. पोटॅशियमचं 40 वस्तुमानाचं समस्थानिक किरणोत्सारी आहे. त्याची निम्मी मात्रा सरायला सुमारे 125 कोटी वर्षं लागतात आणि त्यातल्या काही भागाचा आर्गॉन होतो. लाव्हा थिजून खडक झाला की असा झालेला आर्गॉन आतच अडकून राहतो. तो मोजला की खडकाचं वय कळतं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं वय मुख्यतः असंच काढलेलं आहे.