नवी बॉडी घेताना खाचा मोजा!

मैत्रिणींनो, लग्नाचे फोटो काढायचा व्यवसाय तुम्ही किंवा तुमचे ‘हे’ करत असतील, तर कॅमेऱ्याची नवी बॉडी घेताना आधी विचारा, कार्डाला खाचा किती? निकॉनच्या २०१८ च्या ‘झेड सिक्स’ला एकच होती, २०२० च्या ‘झेड सिक्स टू’ला दोन. दुसरं कार्ड ‘बॅकअप’वर ठेवा. एक दगावलं, तरी अंतरपाट दूर होतानाचा फोटो शाबूत! तो क्षण काही पुन्हा येत नाही ना? जुन्या लेन्स एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर बसतात. पण ‘एएफ-डी’ लेन्सचा फोकस हातानंच करावा लागतो. म्हणून लेन्स दुकानात नेऊन लावून बघा. आणि हो, जुनी बॉडी मोडीत काढू नका. मांडवात जोडीला दुसरा कॅमेरा हवाच!