परसातली भाजी आणि उन्हाळ्यातली कीड

उन्हाळा आला. विहिरीचे पाणी खाली गेले. बाजारात भाजी महाग झाली. अशा दिवसांत घराच्या मागे चार वाफे भाजी असली, तर घरच्या बाईला केवढा आधार वाटतो! न्हाणीचे पाणी वाफ्याला सोडले की भेंडी, गवार, वांगी, मिरची घरची होते. मांडवावर दोडका, कारले, दुधी चढतो. पोरे वेलावरची काकडी तोडतात आणि उभ्या उभ्या खातात.

पण उन्हाळ्यात भाजीच्या मागे कीडही लागते. पाने वळतात. शेंडे माना टाकतात. फळात अळ्या निघतात. मग माणूस घाबरतो आणि हाताला लागेल ते औषध मारतो. इथेच मोठी चूक होते.

आमच्या शेजारची सूनबाई एकदा हातात बाटली घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, भेंडीवर लई किडे पडलेत. कपाशीचं औषध उरलंय. तेच मारू का?"

मी म्हणालो, "पोरी, तू वर्गात येतेस. बाटलीबरोबर घडीचा कागद मिळतो, तो आण. काय लिहिलंय ते तूच वाच."

अक्षर बारीक होते. तिने बोट ठेवून वाचले, "का-पू-स." पुढे वाचले. भेंडीचे नाव कुठेच नव्हते. पिकाच्या नावापुढे लिहिले होते की, फवारल्यावर इतके दिवस पीक तोडू नये. ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझी पोरं तर रोज काकडी तोडून खातात. भेंडीच्या शेजारीच वेल आहे." तिने बाटली परत नेऊन कुलपात ठेवली.

मंडळी, वाचता येण्याचा उपयोग तो हा!

विष ते विषच

शेतातले औषध म्हणजे विष आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा झाली आणि वीसच्या सुमारास माणसे दगावली. ही कष्टकरी माणसे होती. मोनोक्रोटोफॉस नावाचे औषध अनेकांनी वापरले आहे. ते भाजीपाल्यावर मारायला सरकारने २००५ सालीच मनाई केली. पूर्वी सर्रास वापरात असलेली गॅमेक्सिनची पांढरी भुकटी १९९७ साली बंद झाली. अशी जुनी भुकटी कुणाच्या माळ्यावर पडली असेल, तर ती भाजीवर टाकू नका.

औषधाच्या डब्यावर रंगाची खूण असते. लाल खूण म्हणजे सगळ्यांत जहाल. मग पिवळी, मग निळी, आणि शेवटी हिरवी. पण हिरवी खूण म्हणजे पाणी नव्हे. तेही जपूनच वापरायचे.

परसातल्या चार वाफ्यांना असल्या विषाची बहुतेक गरजच पडत नाही. डोळे, हात, पाणी आणि कडुनिंब एवढ्यावर पुष्कळ काम भागते. कसे ते पाहू.

आधी नीट पाहा

दर वेळी कीडच असते असे नाही. दुपारी भोपळ्याची पाने लोंबतात. संध्याकाळी पाहावे तर पुन्हा ताठ! हा रोग नव्हे. उन्हामुळे पान दमते, एवढेच. सकाळीही पान लोंबलेले दिसले, तर मातीत बोट घालून पाहा. माती कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली तर पाणी थांबवा. जास्त पाण्यानेही मुळे कुजतात.

पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यावे. रोपाच्या बुडाशी पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरावे. त्याने ओल टिकते. वेलाजवळ एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू पाझरते आणि थोड्या पाण्यात वेल जगतो.

"वेलाला फुले येतात आणि गळतात," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वेलाला नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. आधी नर फुले येतात. ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे कोवळे फळ असते. तेही पिवळे पडून गळू लागले, तर मधमाश्या कमी आहेत असे समजावे. मग आपणच ते काम करावे. ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि आतला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. तांबड्या भोपळ्याचे फूल पहाटे उमलते, म्हणून हे काम सकाळी करावे. दुधीचे आणि दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. त्यांचे काम तेव्हा करावे.

पानाची पाठ पाहा

दर दोन दिवसांनी पान उलटून पाहायची सवय ठेवा. चोर पानाच्या पाठीमागे लपतात.

मावा: हे बारीक हिरवे किंवा काळे किडे कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतात. पान चिकट होते. त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात. शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली की मावा आहे असे ओळखावे. थोडा असेल तर बोटांनी चिरडावा. पाण्याची जोराची धार मारली तरी तो खाली पडतो.

तुडतुडे: हे हिरवे किडे तिरपे चालतात. पानाच्या कडा पिवळ्या पडतात आणि वर वळतात. भेंडी व वांग्यावर हे फार.

लाल कोळी: ही कीड कोरड्या उन्हात वाढते. पानावर पांढुरके ठिपके पडतात आणि पाठीमागे बारीक जाळे दिसते. फार खराब झालेली पाने तोडून जाळावीत. बाकीच्या पानांच्या पाठीवर पाणी शिंपडावे. कोळ्याला ओल सोसत नाही.

पांढरी माशी: झाड हलवले की पांढरी धूळ उडावी तशा या माश्या उडतात. या रस शोषतात आणि भेंडीवर केवडा रोगही आणतात. केवडा आला की पानाच्या शिरा पिवळ्या होतात आणि भेंडी पिवळट, वेडीवाकडी निघते. या रोगाला औषध नाही. असे झाड दिसताच उपटून जाळा. एका झाडाची माया केली तर सगळा वाफा जाईल. माश्या धरायला जुना डबा पिवळा रंगवावा, त्याला एरंडेल फासावे आणि झाडाच्या उंचीवर टांगावा. पिवळ्या रंगाकडे माश्या येतात आणि चिकटतात.

फळ पोखरणारे

वांग्याचा एखादाच शेंडा मान टाकून लोंबतो. बाकी झाड हिरवेगार असते. तेव्हा शेंड्याच्या आत अळी आहे असे समजा. सुकलेल्या भागाच्या खाली दोन बोटे अंतर ठेवून शेंडा कापावा आणि जाळावा. भोक पडलेली वांगीही तोडून नष्ट करावीत. ती उकिरड्यावर टाकू नका. तिथे अळीचा पतंग होतो आणि पुन्हा तुमच्याच वांग्यावर येतो.

काकडी, दोडका, कारले यांना फळमाशी लागते. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. फळ वाकडे होते, सडते आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. अशी फळे रोज वेचावीत आणि दीड-दोन फूट खोल पुरावीत. चांगल्या कोवळ्या फळांना कागदाची पिशवी बांधावी. कृषी सेवा केंद्रात फळमाशीचा सापळा मिळतो. पण तिथे "काकडी-दोडक्याच्या माशीसाठी हवा" असे स्पष्ट सांगा. आंब्याच्या माशीचे आमिष वेगळे असते.

वेलाची रोपे लहान असतात तेव्हा तांबडे भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. पहाटे ते सुस्त असतात. तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. रोपावर चुलीतली थंड राख भुरभुरावी.

मुळाच्या गाठी

झाड खुजे राहिले आणि पिवळे पडले, तर एक रोप उपटून मुळे पाहा. वांगी, मिरची, भेंडी यांच्या मुळाला गाठी दिसल्या, तर ते डोळ्यांना न दिसणाऱ्या सूत्रकृमींचे काम असते. त्या जागी पुढच्या वेळी झेंडू लावा. मातीत निंबोळी पेंड मिसळा. मात्र गवार आणि चवळीच्या मुळांवर बारीक गाठी असतातच. नखाने त्या सहज सुटतात आणि आतून गुलाबी दिसतात. त्या हिताच्या आहेत. जमिनीला त्यांच्यामुळे नत्र मिळते.

निंबोळीचा अर्क

रस शोषणाऱ्या किडीसाठी हा घरचा उपाय चांगला. वाळलेल्या निंबोळ्यांची टरफले काढून पाव किलो गर कुटा. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. त्यात पाणी घालून सगळे मिळून पाच लिटर करा. साध्या साबणाचा सुपारीएवढा तुकडा किसून विरघळवा. साबणाने अर्क पानाला धरतो.

आधी दोन पानांवर मारून एक दिवस वाट पाहा. पाने करपली नाहीत तर संध्याकाळी सगळ्या झाडांवर मारा. पानाची पाठ चुकवू नका. सकाळी फवारू नका, कारण त्या वेळी मधमाश्या फुलांवर असतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारा. केलेला अर्क त्याच दिवशी संपवा. वर्ष उलटलेल्या निंबोळीचा जोर उतरतो, म्हणून ताजी वापरा. हा अर्क मारल्यावरही भाजी धुऊनच खा.

तंबाखूचे पाणी मारायची जुनी रीत आहे. ती सोडून द्या. तंबाखूचा अर्क माणसालाही विषारी आहे.

मित्र ओळखा

प्रत्येक किडा शत्रू नसतो. पाठीवर काळे ठिपके असलेला लाल, गोल ढालकिडा माव्याला खातो. त्याची अळी काळी आणि नारिंगी ठिपक्यांची, लहानशा सुसरीसारखी दिसते. लोक तिला कीड समजून मारतात. तीही मावाच खाते. जहाल विष मारले की हे मित्र मरतात, आणि मग कीड दुप्पट जोराने येते.

शेवटी एवढे ध्यानात ठेवा

शेतातले औषध घरात उघडे ठेवू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून तर मुळीच ठेवू नका. कुणाला विषबाधा झाली तर अंगारे-धुपारे करत बसू नका. माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्या आणि औषधाची बाटली व कागद बरोबर न्या. कोणते विष आहे हे डॉक्टरला त्यावरून कळते.

आमच्या सूनबाईची भेंडी त्या साली थोडी किडकी निघाली. चार झाडे केवड्याने गेली, ती तिने उपटली. पण निंबोळीच्या अर्काने बाकीचा वाफा टिकला. पाहुणे आले तेव्हा तिने घरचीच भाजी वाढली, आणि पोरांनी वेलावरच्या काकड्या निर्धास्त खाल्ल्या.

चार भेंड्या किडीने खाल्ल्या तर खाऊ द्या. लेकराच्या पोटात विष जाता कामा नये. हा धडा वाचून झाला की ज्यांना अजून वाचता येत नाही अशा शेजाऱ्याला तो वाचून दाखवा. आणि उद्या सकाळी परसात जा. पान उलटून पाहा.