गेमिंग लॅपटॉपची स्क्रीन काळी पडतेय? ‘कार्ड गेलं’ म्हणण्याआधी हे तपासा

इंजिनिअरिंग, ॲनिमेशन किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या मुलांसाठी अनेक जण गेमिंग लॅपटॉप घेतात, तोही बरेचदा सेकंडहँड. गेम मध्येच बंद पडला, स्क्रीन काळी झाली की ‘ग्राफिक्स कार्ड गेलं’ असं सांगितलं जातं आणि खर्च हजारांत जातो. पण दोष ड्रायव्हरचा असेल तर तो घरीच, फुकटात दुरुस्त होऊ शकतो. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला दुभाषाच.

दोष कुठे, हे असं ओळखा
लॅपटॉप चालू करताच कंपनीचा लोगो येतो. तेव्हाच रेघा किंवा ठिपके दिसत असतील तर दोष ड्रायव्हरचा नाही. तो अजून सुरूच झालेला नसतो. मग स्क्रीन, केबल किंवा कार्ड तपासावं लागेल. त्रास विंडोज उघडल्यावरच होत असेल तर आधी ड्रायव्हर बघा.

काय करायचं?
१. स्क्रीन काळी पडली तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो.
२. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले ॲडाप्टर्समध्ये कार्डाच्या नावावर डबल क्लिक करा, ड्रायव्हर टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो.
३. हे बटण फिकट दिसलं किंवा तिथे कार्डाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर’ लिहिलेलं असलं, तर ड्रायव्हर नव्याने टाका. लॅपटॉपच्या खाली मॉडेल नंबर असतो. त्यावरून कंपनीच्याच वेबसाइटवरून फाइल घ्या. भलत्या साइटवरून व्हायरस येऊ शकतो.
४. गेम फक्त अडखळत असेल तर चार्जर लावून बघा. बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमला ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा.

हे विसरू नका
ड्रायव्हरची फाइल 500 एमबीहून मोठी असू शकते. हॉटस्पॉट लावण्याआधी शिल्लक डेटा बघा. ड्रायव्हर टाकताना लाइट गेली तरी काम अर्धवट राहू नये म्हणून बॅटरी भरलेली ठेवा.

एवढं करूनही फरक पडला नाही तर दुकानात जरूर न्या. काय काय करून पाहिलं ते सांगा आणि पार्ट बदलण्याआधी दोष समोर दाखवायला सांगा.